हात लावणारे चाचा

आमच्या प्रेसमध्ये 'हात लावणे' याचा अर्थ जगावेगळा होता. मी माझ्या टेबलावरून हाक मारायची, "चाचा, मंगळवारच्याला हात लावला का?" आणि आतल्या खोलीतून उत्तर यायचं, "लावला. बुधवारचा वाळतोय." नवीन आलेल्या माणसाला वाटायचं, ही बाई म्हाताऱ्यावर कसलातरी आळ घेतेय. मी समजावत बसायची नाही. समजवायला अर्धा तास जायचा आणि सगळं ऐकून झाल्यावर माणूस विचारायचा, "म्हणजे हे गृहस्थ रोज फक्त एवढंच करतात?"

हो. चाचा रोज फक्त एवढंच करायचे. अमेरिकेतल्या एका जाड्या पोस्टमनला उजवा हात लावायचे.

आता अर्धा तास नाही, पण थोडा वेळ द्या. शारजाच्या औद्योगिक क्षेत्रात, एका बाजूला गाड्यांचे पोचे काढणारं गॅरेज आणि दुसऱ्या बाजूला सोफे शिवणारं वर्कशॉप, यांच्या मधोमध आमचं प्रेस. तिथे आम्ही लहान मुलांचं एक अरबी साप्ताहिक काढायचो. मी पुण्याहून लग्न करून इकडे आलेली, अरबीचं एक अक्षर न येणारी आणि तरीही त्या साप्ताहिकाची प्रॉडक्शन कोऑर्डिनेटर. गल्फमध्ये असं चालतं. या साप्ताहिकाच्या मधल्या दोन पानांवर अमेरिकन वर्तमानपत्रांतली एक चित्रपट्टी यायची. तिथे ती रोज एक छापली जायची, आम्ही आठवड्याच्या सहा एकदम छापायचो. तिचं खरं नाव सांगत नाही, आमच्यात ती 'टपालवाला' म्हणूनच ओळखली जायची. अर्ध्या चड्डीतला एक जाडा पोस्टमन घरोघर टपाल देत फिरतो आणि प्रत्येक घरी काहीतरी खातो. कुठे ॲपल पाय, कुठे सँडविच, कुठे वाटीभर सूप. संपली गोष्ट. दुसऱ्या महायुद्धानंतर कधीतरी एका माणसाने ही सुरू केली, तो गेल्यावर त्याच्या मुलाने हातात घेतली, आणि आता तो मुलगाही सत्तरीपार झाला होता. पोस्टमन मात्र तेवढाच जाडा आणि तेवढाच भुकेला.

मला या प्रकाराचा पहिल्यापासून कंटाळा. एकदा चाचांना म्हटलंच, "चाचा, एक माणूस सत्तर वर्षं सँडविच खातो, यात हसायचं काय?"

चाचा बशीत करक, म्हणजे इथला कडक दुधाळ चहा, ओतत होते. म्हणाले, "हसायला कोण सांगतंय, बाय? सकाळी उठून बगायचं, तो बरा हाय का. बरा असला की आपण पण कामाला लागायचं."

ते मला लोकांसमोर 'मॅडम' म्हणायचे आणि कोणी नसलं की 'बाय'. रत्नागिरीकडचे, खाडीकाठच्या गावचे. बोलणं तिकडच्या वळणाचं, त्यात गल्फची हिंदी आणि लागेल तसं अरबी. अरबी ते धडाधड वाचायचे. लहानपणी मदरशात शिकले होते. अर्थ विचारला तर म्हणायचे, "वाचता येतं. अर्थ इन्शाल्ला."

तर अडचण अशी होती की अरबी उजवीकडून डावीकडे वाचतात. अमेरिकन पट्टी तशीच छापली तर पोर आधी शेवटचं चित्र बघतं आणि मग पहिलं, म्हणजे पोस्टमन आधी तृप्त होऊन ढेकर देतो आणि मग दार वाजवतो. म्हणून पट्टी आरशात दिसते तशी उलटी करायची. कॉम्प्युटरवर ते एका बटणाचं काम आहे, ते मी करायची. बटण दाबलं की चित्रं बरोबर क्रमाने लागायची आणि टपालवाला डावखुरा व्हायचा.

डावखुरा झाला तर झाला, असं तुम्ही म्हणाल. पण तो दिवसभर खात असतो हो. आणि मुलांच्या अरबी साप्ताहिकात, मधल्या पानावर, हसतमुख माणूस डाव्या हाताने जेवतोय. माझ्या आधीच्या काळात असा एक अंक बाहेर गेला होता म्हणे. आयांचे एवढे फोन आले की आमच्या मुदीरने, म्हणजे मॅनेजरने, दोन दिवस फोन उचललाच नाही. मला त्यात नवल वाटलं नाही. माझी मुलगी डावखुरी आहे आणि तिची आजी सांगलीहून व्हिडिओ कॉलवर आधी तिचं ताट बघते, मग तोंड.

त्या भानगडीनंतर मुदीरने चाचांना आणलं. चाचा मूळचे पाट्या रंगवणारे. निम्म्या शारजाच्या दुकानांवर एके काळी त्यांच्या हातची अक्षरं होती, अरबी उजवीकडून, इंग्रजी डावीकडून. शिडीवर चढलं की शिडी सारखी हलवता येत नाही, म्हणून उजवीकडचं उजव्या हाताने आणि डावीकडचं डाव्या हाताने रंगवायची त्यांना सवय झाली. मग मशीनवर कापलेल्या पाट्या आल्या आणि शिडी उभी राहिली ती भिंतीलाच. तेव्हापासून ते आमच्या आतल्या खोलीत.

त्यांचं काम बघायला मी कारण काढून जायची. काचेच्या टेबलाखाली दिवा. त्यावर मी काढून दिलेली उलटी पट्टी. शर्टाला दोन खिसे, डाव्या खिशात उजव्या हाताचं पेन आणि उजव्या खिशात डाव्या हाताचं. शेजारी दाढी करायचा गोल आरसा. आरशात बघितलं की मूळ अमेरिकन चित्र दिसायचं, कागदावर बघितलं की आपलं. मान सारखी इकडून तिकडे. आधी पांढऱ्या रंगाने टपालवाल्याचा खाणारा डावा हात पुसायचे, मग उजव्या बाहीतून नवा हात काढायचे, घास धरलेला. कॉम्प्युटरवर करा म्हणून मुदीरने किती वेळा सांगितलं. चाचा मान डोलवायचे आणि दौतीत निब बुडवायचे.

नुसता हात असता तरी पुरे होतं. पण हे गृहस्थ आणखी कायकाय शोधून काढायचे. घड्याळ उलटं झालंय, ते नीट कर. घराचा नंबर उलटा झालाय. टपालाच्या गाडीचं स्टिअरिंग उजवीकडे गेलंय. मी म्हटलं, "राहू द्या ना चाचा, कोण बघतंय?" तर म्हणाले, "उजवीकडं स्टिअरिंग? इथल्या पोरांना वाटेल हा इंडियातनं गाडी घेऊन आला." आणि ताटात डुकराचं मांस असलं की त्याचं ऑम्लेट करायचे, ते मात्र न विचारता.

गंमत म्हणजे इथल्या मुलांना पोस्टमन म्हणजे काय हेच माहीत नाही. या देशात दारात कोणी टपाल आणत नाही, ज्याचं त्याचं पोस्टातल्या पेटीत पडतं. एका छोट्या वाचकाने इंग्रजीत पत्र पाठवून विचारलं होतं, हा डिलिव्हरीवाला दुसऱ्यांनी मागवलेलं जेवण स्वतः का खातो, आणि त्याची कंपनी त्याला काढत कशी नाही. चाचांनी ते पत्र माझ्याकडून समजून घेतलं आणि चार दिवस गंभीर होते. "त्याला चोर समजतात, बाय," म्हणाले. "आमच्या गावात टपाल आणणारा होता. तो पण असाच दर घरात खायचा. त्याला कोण चोर म्हणत नव्हता." पुढच्या आठवड्यात मी पाहिलं, तर टपालवाल्याच्या हातात घास होता आणि दारातल्या म्हातारीच्या हातात चाचांनी एक चमचा वाढवला होता. म्हणजे तीच वाढतेय. मूळ चित्रात ती नुसती उभी होती.

एकदा ते महिनाभर गावी गेले आणि जाताना हात लावायचं काम माझ्यावर सोपवून गेले. मी म्हटलं, त्यात काय. कॉम्प्युटरवर डाव्या हाताची कॉपी उजव्या बाहीला चिकटवली, डाव्यातला घास पुसला, पाच मिनिटांत सहा पट्ट्या. माझी मीच खूश. चाचा परत आले, अंक उघडला, आरसा काढला, आरसा ठेवला. दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "मॅडम, तुमी त्याला दोन डावे हात दिले." मी बघते तर खरंच, दोन्ही हातांचे अंगठे एकाच बाजूला. महिनाभर तो पोस्टमन तसाच शारजाभर फिरला आणि एकाही आईचा फोन आला नाही. मी तेही बोलून दाखवलं. चाचा म्हणाले, "आयांना नसेल कळलं. त्याला कळलं असेल." त्याला म्हणजे कोणाला, हे मी विचारलं नाही. मला वाटलं, पोस्टमनला.

आता खरी गोष्ट सांगते, पण त्यासाठी रेघा समजून घ्याव्या लागतील. मलाही त्या चाचांनीच दाखवल्या. उजव्या हाताचा माणूस सावलीसाठी तिरप्या रेघा मारतो तेव्हा त्या एका बाजूला कलतात. डाव्या हाताचा मारतो तेव्हा दुसऱ्या बाजूला. मनगट तसंच वळतं, त्याला इलाज नाही. अमेरिकेतला माणूस उजव्या हाताचा. त्याच्या रेघा उजव्या. आम्ही पट्टी उलटी केली की त्या डाव्या दिसायच्या. म्हणून चाचा आपला नवा हात काढताना त्यावरची सावली डाव्या हाताने मारायचे, नाहीतर ठिगळ दिसलं असतं. थोडक्यात, टपालवाल्याचा उजवा हात चाचा डाव्या हाताने काढायचे. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी घरी जाऊन जेवताना नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "तुमच्या प्रेसमध्ये नॉर्मल कोणी आहे का?"

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. उन्हाळा होता. चाचा माझ्या टेबलापाशी येऊन उभे राहिले. ते कधी येत नसत, मीच जायची.

"बाय, काल माजा उजवा हात लागला."

"म्हणजे?"

"सावलीला. डाव्या हाताने मारल्या रेघा, तर जुळत न्हायत. उजव्याने मारल्या, तर जुळल्या." त्यांनी खिशातून पट्टी काढली, मूळची, न उलटवलेली. "हा माणूस डाव्या हाताने काढतोय."

मी म्हटलं, असिस्टंट ठेवला असेल एखादा डावखुरा. चाचांनी मान हलवली. "नाक त्याचंच हाय. बापाचं नाक गोल, मुलाचं जरा बसकं. नाक तोच काढतोय, पण थरथरत. सोळा तारखेपर्यंत उजवा. मग तीन आठवडे जुन्या पट्ट्या पुन्ना दिल्या. आणि मंग हा डावा." पट्टी परत खिशात ठेवत म्हणाले, "त्याचा उजवा हात गेला, बाय."

अमेरिकेतल्या कुठल्याशा गावात एका माणसाचा हात लुळा पडतो, तो कोणाला सांगत नाही, तिथल्या लाखो वाचकांना पत्ता नाही, आणि शारजात गॅरेजशेजारच्या खोलीत रत्नागिरीच्या एका म्हाताऱ्याला ते रेघांवरून कळतं. मी लगेच पट्टी पुरवणाऱ्या एजन्सीला ईमेल करून चौकशी करणार होते. मग म्हटलं, विचारणार तरी काय?

चाचा मात्र त्या दिवसापासून बेचैन. रोज पट्टी आली की आधी आरसा घेऊन बसायचे. "आज पाय वाकडा आला. आज टोपी सुटली त्याच्या हातनं." आणि एक दिवस म्हणाले, "त्याला सांगितलं पायजे. तो चुकतोय."

"काय चुकतोय?"

त्यांनी माझ्या दोन्ही हातांत पेन्सिली दिल्या. "मधनं सुरू करा. दोनी हातांनी एकदम नाव लिवा तुमचं. विचार करू नका." मी लिहिलं. उजव्या हाताने माझं नाव सरळ गेलं, आणि डाव्या हाताने तेच नाव, आरशात दिसावं तसं उलटं, जवळजवळ तितकंच नीट. जन्मात डाव्या हाताने मी अक्षर काढलेलं नाही. तुम्हीही करून बघा, कोणी नसताना.

"बगितलं? डावा हात उजव्याबरोबरच शिकलाय, पण उलटा. सरळ काढायला गेलं की अडतो. तो डाव्या हाताने सरळ पोस्टमन काढतोय, म्हणून थरथरतो. त्याने उलटा काढायचा, सगळी पट्टी उलटी. मंग मशीनमधनं फिरवून सरळ करायची. तुमी बटण दाबता तसं."

मला हे पटलं. पण पुढचं मला नको होतं. चाचांना त्या माणसाला पत्र लिहायचं होतं, आणि इंग्रजी माझं.

कारण दरवर्षी एजन्सीचा करार मीच रिन्यू करायची. त्यात एक ओळ ठळक अक्षरात होती. चित्रांत कोणताही बदल करता येणार नाही, केल्यास करार रद्द. उलटं करायची परवानगी आम्ही घेतली होती. हात लावायची घेतली नव्हती. म्हणजे चाचा एवढी वर्षं जे करत होते ते सगळं चोरून होतं. कळलं तर पट्टी बंद, आणि पट्टी बंद म्हणजे चाचांचं काम बंद. त्यांचं वय साठीच्या बरंच पुढे गेलेलं, मुदीर दर वेळी कसाबसा त्यांचा व्हिसा काढायचा. काम गेलं असतं तर ते मुंबईच्या विमानात बसून रत्नागिरीला परतले असते, आणि तिथे त्यांचं होतं काय? बायको गेलेली, मुलगी सासरी अल ऐनला. त्या मुलीकडे दर शुक्रवारी बसने जाऊन येणं हेच त्यांचं सगळं आयुष्य.

मी म्हटलं, "लिहू आपण. पण हात लावतो हे लिहायचं नाही. नुसतं लिहू, मी एक वाचक आहे, मला असं वाटतं."

"मंग त्याला कसं कळंल मला कसं कळलं?"

"नाही कळलं तर नाही कळलं."

"बाय, एवडी वर्सं मी त्याच्या माणसाचा हात तोडून दुसरा लावतोय. त्याला न विचारता. आता त्याचाच हात गेला. ते पयलं लिवायचं, आणि माफी मागायची. ती ओळ काढली तर पत्र कशाला पाठवायचं?"

मी खूप वाद घातला. मला रागच आला होता. स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घ्यायला निघालेला माणूस आणि धोंडा उचलायला मी. शेवटी त्यांनी सांगितलं तसं मी इंग्रजीत टाइप केलं, ओळ न ओळ. रविवारच्या मोठ्या पट्टीच्या कडेला बारीक अक्षरात त्या माणसाच्या गावातल्या पोस्टाचा पेटी नंबर असायचा, तोच पत्ता. सोबत आमच्या अंकाचं एक पान. खाली सही करायला सांगितली तर चाचांनी नाव लिहिलंच नाही. घास धरलेला एक उजवा हात काढला आणि पेन खिशात ठेवलं.

आणि ते पत्र मी टाकलं नाही.

म्हणजे टाकलं म्हणून सांगितलं. तीन आठवडे ते माझ्या ड्रॉवरमध्ये होतं, करारांच्या फाइलखाली. मी त्यांच्या भल्यासाठीच करतेय असं स्वतःला सांगत होते. चाचा रोज सकाळी पट्टी उघडायचे, आरसा धरायचे आणि म्हणायचे, "अजून पोचलं नसेल. लांब हाय." एक दिवस म्हणाले, "आज त्याने हात काडलाच न्हाय, बाय. टपालवाल्याचा हात खिशात घातला. दमला वाटतं." आणि आरसा पालथा ठेवला.

त्या दिवशी मुलीला शाळेतून घ्यायला जाताना मी पत्र पर्समध्ये घातलं. गाडीत तिने ते पाहिलं, कोणाचं म्हणून विचारलं. मी सगळं सांगितलं, उशीर का केला तेसुद्धा. डाव्या हाताने चिप्स खात ती ऐकत होती. म्हणाली, "आई, दॅट्स सो मीन. जस्ट पोस्ट इट." मी यू टर्न घेतला आणि पोस्टात जाऊन टाकलं. चाचांना मात्र मी हे आजतागायत सांगितलेलं नाही.

मग आम्ही दोघं वाट बघायला लागलो, ते एका गोष्टीची आणि मी दुसऱ्या. ते रेघांची, मी एजन्सीच्या वकिलाची. ईमेलचा आवाज झाला की मी आधी पाठवणाऱ्याचं नाव बघायची.

पाचेक आठवडे गेले. आतून हाक आली. चाचा हाका मारत नसत.

काचेवर पट्टी होती आणि चाचांच्या डाव्या हातात पेन. "डावा लागला," म्हणाले. "बगा. रेघा जुळल्या. पाय सरळ, टोपी सरळ."

मी आरसा घेऊन पाहिलं. मला एवढ्या वर्षांत थोडंफार कळायला लागलं होतं. रेघा पुन्हा पूर्वीच्या बाजूला कलल्या होत्या. थरथर होती, पण अडखळ नव्हती. चाचांनी पट्टीवर बोट ठेवलं. "म्हणजे आता तो काडतो तेवा त्याच्या टेबलावर पोस्टमन ह्या बाजूला तोंड करून असतो. आपल्यासारका. त्याच्या टेबलावर आणि माझ्या टेबलावर आता एकच चित्र हाय, बाय." त्यांचे डोळे भरून आले होते आणि ते लपवत नव्हते. माझेही आले, मी चष्मा पुसला.

पत्राला उत्तर आलं नाही. वकीलही आला नाही. करार होता तसा राहिला, चाचा हात लावत राहिले, पलीकडे तो माणूस उलटे पोस्टमन काढत राहिला. असं जवळपास वर्षभर चाललं.

गेल्या हिवाळ्यात एजन्सीचा ईमेल आला. चित्रकाराची प्रकृती दीड वर्षापासून ठीक नाही, उजव्या बाजूला पक्षाघात झाला होता, आता त्यांनी थांबायचं ठरवलं आहे, पुढे चालवणारं घरात कोणी नाही. शेवटची पट्टी अमुक दिवशी. मी मुदीरला वाचून दाखवलं. तो वाईट माणूस नव्हता. कपाळ चोळत म्हणाला, "खलास, हबीबी. चाचा को मैं बोलेगा." पण बोलला नाही. ते मलाच बोलावं लागलं.

चाचांनी ऐकून घेतलं. व्हिसाचं, विमानाचं काहीच विचारलं नाही. फक्त एवढंच विचारलं, "शेवटची कदी येणार?"

ती आली तेव्हा चाचा इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. मी फाइल उघडली. पट्टीत एक शब्द नव्हता. टपालवाला शेवटच्या घराच्या पायरीवर बसलाय, पिशवी रिकामी, मांडीवर ॲपल पायची बशी. गाडी नाही. भिंतीवर घड्याळ नाही, दाराला नंबर नाही. मी नेहमीसारखं बटण दाबलं, प्रिंट काढली आणि आत नेऊन काचेवर ठेवली.

नंतर मी इंटरनेटवर वाचलं, त्या शेवटच्या पट्टीखाली तिथल्या वाचकांनी पानंच्या पानं लिहिली होती. रडारड, आठवणी, आभार. आणि मधूनमधून एक प्रश्न, सत्तर वर्षं उजव्या हाताने खाणारा आपला पोस्टमन शेवटच्या दिवशी डाव्या हाताने का खातोय? म्हातारपणामुळे चूक झाली असावी, असं बहुतेकांचं मत पडलं. एकाने लिहिलं होतं, बिचाऱ्याचं कोणीतरी तपासून द्यायला हवं होतं. मी उत्तर टाइप केलं आणि खोडलं.

पण हे नंतरचं. त्या सकाळी चाचांनी पांढऱ्या रंगाच्या बाटलीचं बूच काढलं, दोन्ही पेनं काढून ठेवली, दिवा लावला आणि वाकले. मग आरसा हातात घेतला, त्यात बघितलं, पुन्हा कागदावर बघितलं. कागदावर टपालवाला पायरीवर बसून उजव्या हाताने ॲपल पाय खात होता.

चाचांनी बाटलीचं बूच लावलं. प्रिंट उचलून माझ्या हातात दिली.

"छापायला पाठवा, बाय," म्हणाले. "ह्याला हात लावायचा न्हाय."